मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेत शेवटचा शब्द कोणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चौघं-पाचजण काही वर्षं एक ओपन सोर्स लायब्ररी सांभाळताय, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा, कोणालाही वाचता-बदलता येणारा तयार कोड. ती आता बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. एका परदेशी कंपनीने देणगी देऊ केली आहे आणि ती विचारतेय, पैसे कोणाच्या नावावर पाठवू? मग संस्था काढायची का? काढली तर चालवायची कोणी? आणि उद्या कोडचे निर्णयही कार्यकारिणीच्या हातात जाणार का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरी धास्ती तिथेच आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. नीट बांधलेल्या संस्थेत कोडचे निर्णय कार्यकारिणीकडे जात नाहीत. एखाद्या गावातलं देऊळ आणि त्याचं विश्वस्त मंडळ आठवा. विश्वस्त दानपेटी उघडतात, पावत्या फाडतात, जमिनीचा सातबारा सांभाळतात, वीजबिल भरतात. पूजा कशी करायची हे त्यांनी ठरवायचं नसतं, आणि जिथे ते ठरवू लागतात तिथे गावात तट पडतात. सॉफ्टवेअरच्या संस्थेचंही असंच आहे. पैसा, नाव आणि कायदेशीर सही या गोष्टी संस्थेकडे. कोणता पॅच (कोणीतरी सुचवलेला कोडमधला बदल) घ्यायचा, आवृत्ती कधी काढायची, हे काम करणाऱ्यांकडे. ही भिंत किती पक्की बांधली आहे, यावरून मी कोणत्याही संस्थेची पारख करतो. पंधराएक वर्षं मी अशा कामात आहे, त्यातली तीन वर्षं एका लहान संस्थेचा खजिनदार होतो, आणि जे काही बिघडताना पाहिलं ते बहुतेक वेळा या भिंतीपाशीच बिघडलं.

या भिंतीचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट'. सगळे तिला एसपीआय म्हणतात. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं, जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी बांधलेली लिनक्सवरची कार्यप्रणाली. पण देणगी घ्यायची, ट्रेडमार्क नोंदवायचा, तर कायद्याच्या नजरेत 'डेबियन' नावाचं कोणी अस्तित्वातच नव्हतं. म्हणून १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एसपीआयची नोंदणी झाली. अमेरिकी करकायद्याच्या ५०१ सी ३ या कलमाखाली ती धर्मादाय संस्था आहे, त्यामुळे तिथल्या देणगीदाराला करात सवलत मिळते, आपल्याकडे ८०जीची मिळते तशी. पुढे तिच्या छत्राखाली पोस्टग्रेएसक्यूएल, आर्च लिनक्स, एफएफएमपेग असे बरेच प्रकल्प आले. यांतला एकही प्रकल्प एसपीआय चालवत नाही.

मग ती करते काय? समजा डेबियनला एक सर्व्हर घ्यायचा आहे. यंत्रणा सांभाळणारे लोक मागणी करतात. डेबियनचा निवडून आलेला प्रकल्पप्रमुख ती मंजूर करतो. मंजुरी एसपीआयच्या खजिनदाराकडे जाते. खजिनदाराने बघायचं ते एवढंच: मंजुरी देणारा माणूस तो अधिकार असलेला आहे का, डेबियनच्या नावे तेवढी रक्कम शिल्लक आहे का, आणि हा खर्च संस्थेच्या धर्मादाय उद्देशात बसतो का. 'हा सर्व्हर खरंच लागतो का' हा त्याचा प्रश्नच नाही. माझ्या खजिनदारीच्या पहिल्या वर्षी मी नेमकी हीच चूक केली. एका प्रवासखर्चाच्या बिलावर मी विचारलं, 'या परिषदेला जायची काय गरज होती?' प्रश्न साधा होता, पण विचारायचा अधिकार माझा नव्हता. गरज ठरवणारे दुसरे होते आणि त्यांनी ती ठरवली होती. तो महिना मी त्या माणसाची माफी मागण्यात घालवला आणि मग नियमावलीत एक ओळ घालून घेतली: खजिनदार बिल परत पाठवेल तर कारण लेखी देईल, आणि ते कारण अधिकार, शिल्लक किंवा उद्देश यांपैकीच असेल.

या सेवेसाठी एसपीआय प्रकल्पाला आलेल्या देणगीतले ५ टक्के ठेवून घेते. त्यातून हिशेब, लेखापरीक्षण, वकील, बँकेचे खर्च भागतात. बाकी ९५ टक्के त्या प्रकल्पाच्या नावे वेगळे मांडले जातात. बँकेत खातं एकच असलं तरी वहीत पानं वेगळी. दुसऱ्या प्रकल्पाच्या पानावरचा एक डॉलरही तुमच्या सर्व्हरला वापरता येत नाही.

एसपीआयचं संचालक मंडळ नऊ जणांचं. ते सभासद निवडून देतात, आणि मताचा अधिकार असलेलं सभासदत्व वर्गणी भरून मिळत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही काय काम केलंय ते अर्जात दाखवावं लागतं. कोड, भाषांतर, कागदपत्रं, परिषद भरवणं, काहीही चालतं, पण काम दिसलं पाहिजे. संचालकांची मुदत तीन वर्षांची, सगळे एकदम बदलत नाहीत. त्यामुळे मंडळात दरवर्षी जुनी माहिती असलेले लोक उरतातच.

बैठकीची गंमत बघण्यासारखी आहे. वर्षानुवर्षं या बैठका आयआरसीवर, म्हणजे साध्या लेखी गप्पांच्या जुन्या माध्यमावर, उघडपणे होत आल्या. कोणीही जाऊन वाचू शकतो. अध्यक्ष दोन ताऱ्यांमध्ये 'गॅव्हेल' असं टाइप करतो, तो हातोडा आपटल्याचा आवाज. मग हजेरी: प्रत्येक संचालक आपलं पूर्ण नाव टाइप करतो. कोरम मोजला जातो. मग मागच्या इतिवृत्ताला मंजुरी. एक बॉट जाहीर करतो की अमुक जणांना मताचा अधिकार आहे, आणि संचालक एकेक ओळीत 'हो', 'नाही' किंवा 'तटस्थ' लिहितात. प्रत्येक ठरावाला क्रमांक असतो आणि त्यात तारीख आणि ठराव लिहिणाऱ्याची आद्याक्षरं असतात. पंधरा वर्षांनी कोणी विचारलं की अमुक प्रकल्पाला कधी आणि कोणत्या अटींवर घेतलं, तर तो क्रमांक शोधायचा, संपलं. हे सगळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या गृहनिर्माण सोसायटीची सर्वसाधारण सभा आठवली, सूचक आणि अनुमोदक यांची नावं लिहिणारे चिटणीस आठवले. पद्धत तीच, फक्त इथे सभासद एकमेकांना कधी भेटलेले नसतात. म्हणून लिहून ठेवण्याचं मोल जास्त.

आता भिंतीच्या दुसऱ्या बाजूला या. डेबियनची स्वतःची लेखी घटना आहे, १९९८ मध्ये मंजूर झालेली. प्रकल्पप्रमुख दरवर्षी निवडला जातो. मतपत्रिकेवर पसंतीक्रम द्यायचा असतो आणि 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही असतो. आपल्याकडच्या नोटासारखा दिसतो, पण याला दात आहेत: जो उमेदवार त्याच्यापेक्षा जास्त पसंती मिळवत नाही, तो शर्यतीतून बाद. सर्वसाधारण ठरावाला लागणाऱ्या कोरमचं सूत्र तर मला फार आवडतं. विकासकांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्याचं निम्मं करा, त्याची तिप्पट करा. १,००० विकासक असतील तर कोरम येतो ४७ च्या थोडा वर. संस्था चौपट वाढली तर कोरम फक्त दुप्पट होतो. टक्केवारीचा कोरम ठेवला असता तर मोठ्या संस्थेत तो कधी भरलाच नसता. ज्यांनी आपल्याकडच्या सभा 'कोरमअभावी अर्धा तास तहकूब' होताना पाहिल्या आहेत, त्यांना या सूत्रामागचा अनुभव लगेच कळेल.

२०१४ च्या फेब्रुवारीत डेबियनमधलं सर्वांत कडवट भांडण निकाली निघालं: संगणक सुरू होताना पहिला प्रोग्राम कोणता चालवायचा, सिस्टमडी की दुसरा एखादा? निर्णय तांत्रिक समितीकडे होता. आठ जणांची समिती बरोबर मध्यावर दुभंगली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी ठरलं. लोक गप्प बसले नाहीत. नोव्हेंबरमध्ये सगळ्या विकासकांचं मतदान झालं आणि त्यात जिंकला तो पर्याय होता 'याबाबत सर्वसाधारण ठरावाची गरज नाही'. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांनी त्याच महिन्यात देवुआन नावाने वेगळी वाट धरली, आणि तो त्यांचा हक्कच होता, कोड घेऊन वेगळं व्हायची मुभा मुक्त सॉफ्टवेअरचा परवानाच देतो.

या सगळ्या महिन्यांत एसपीआयच्या मंडळाला यात मत नव्हतं. नाव त्यांच्याकडे, पैसे त्यांच्याकडे, तरी या प्रश्नावर त्यांचा शब्द चालत नव्हता, कारण तो त्यांचा प्रश्न नव्हता. मला विचाराल तर भिंत पक्की असल्याचा पुरावा हाच. माणसं कडाडून भांडली, काही निघून गेली, आणि तिजोरीला कोणी हात लावला नाही.

सगळे असंच करतात असं नाही. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने, जी १९९९ मध्ये स्थापन झाली, प्रकल्पांना संस्थेच्या आतच घेतलं. तिथे प्रत्येक प्रकल्पाची एक व्यवस्थापन समिती असते आणि तिचा अध्यक्ष कागदोपत्री संस्थेचा उपाध्यक्ष असतो. म्हणजे प्रकल्पाने काढलेली आवृत्ती ही संस्थेचीच कृती ठरते, आणि एकट्यादुकट्या विकासकावर उद्या कोणी दावा लावला तर तो संस्थेच्या आडोशाला उभा राहू शकतो. याची किंमत म्हणजे शिस्त. आवृत्ती काढायला समितीतली किमान तीन 'अधिक एक', म्हणजे होकाराची, मतं लागतात आणि मतदान साधारण ७२ तास उघडं ठेवतात, म्हणजे पुण्यात झोपलेला आणि सिएटलमध्ये जागा असलेला, दोघांनाही संधी मिळते. आवृत्तीवर कोणाचा नकाराधिकार चालत नाही. कोडच्या बदलावर मात्र चालतो, पण 'उणे एक', म्हणजे नकार, देणाऱ्याला तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारणाशिवायचा नकार धरला जात नाही.

अपाचीचं संचालक मंडळही नऊ जणांचं, सभासद दरवर्षी निवडून देतात. प्रत्येक प्रकल्प दर तीन महिन्यांनी मंडळाला अहवाल देतो. तो अहवाल नीट बघा. मंडळ विचारतं: शेवटची आवृत्ती कधी काढली, शेवटचा नवा कमिटर (मूळ कोडमध्ये थेट बदल करायचा हक्क असलेला माणूस) कधी घेतला, समितीत शेवटचा नवा माणूस कधी आला, मंडळाने लक्ष घालावं असं काही आहे का. कोड चांगला आहे का, हा प्रश्न त्यात नाही. दोन-तीन अहवालांत 'नवा कमिटर' या ओळीसमोर तीच जुनी तारीख दिसली की अनुभवी संचालक सावध होतो: इथे माणसं येणं थांबलंय. प्रकल्प खरोखरच मावळला, तर त्याला 'ॲटिक' म्हणजे माळ्यावर नेऊन ठेवतात. कोड वाचायला शिल्लक, पण कोणी सांभाळणारा नाही हे उघड सांगितलेलं. मला हे फार प्रामाणिक वाटतं. आपल्याकडे किती मंडळं आणि वाचनालयं फक्त पाटीवर जिवंत असतात!

आता तुमच्या देणगीदार कंपनीकडे येऊ, कारण पैशाबरोबर पुढचा प्रश्न येतोच: 'मग आम्हाला मंडळावर एक जागा मिळेल ना?'

इथे अमेरिकेतल्या दोन प्रकारच्या संस्थांमधला फरक समजून घ्या. अपाची धर्मादाय संस्था आहे. तिथे कंपनीने कितीही मोठं प्रायोजकत्व दिलं तरी जागा मिळत नाही, सभासद फक्त व्यक्तीच होऊ शकतात, आणि माणसाने नोकरी बदलली तरी त्याचं सभासदत्व त्याच्याबरोबर राहतं. लिनक्स फाउंडेशन, जी २००७ मध्ये दोन संस्थांच्या विलीनीकरणातून आली, ती ५०१ सी ६ आहे, म्हणजे व्यापारी संघटना. आपल्याकडच्या उद्योजकांच्या चेंबरशी तिची तुलना करता येईल. तिथे सर्वांत वरच्या श्रेणीचे कंपनी-सभासद संचालक नेमतात. व्यक्ती-सभासदांनी संचालक निवडून द्यायची तरतूद होती, ती २०१६ मध्ये काढून टाकण्यात आली. यात बेकायदेशीर काहीच नाही आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या कोडमध्ये, कोणता पॅच जातो हे ते मंडळ ठरवतही नाही. पण संस्था कोणाच्या हितासाठी उभी आहे हे या एका बदलावरून स्पष्ट होतं. तुमच्यासारख्या चौघा-पाचजणांच्या प्रकल्पाने माझ्या मते धर्मादाय बाजूलाच राहावं.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या लोकांनी मधला, पण फार विचारपूर्वक मार्ग काढला. २०१८ च्या जुलैत पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णयाची जबाबदारी सोडली. इतकी वर्षं शेवटचा शब्द त्यांचा होता आणि अचानक ती खुर्ची रिकामी झाली. विकासकांनी काही महिने वेगवेगळ्या रचनांवर वाद घातले, मतदान केलं, आणि २०१९ पासून पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल आली. तिच्या नियमांतली एक ओळ तुम्ही जशीच्या तशी उचला: एकाच मालकाकडे काम करणारे दोनपेक्षा जास्त लोक कौन्सिलवर असू शकत नाहीत. नोकरी बदलल्यामुळे किंवा कंपन्या एकत्र आल्यामुळे तिसरा झाला, तर कोणीतरी पायउतार व्हायचं. तो माणूस वाईट आहे असं यातून म्हटलेलं नाही. त्याच्यावर वरून दबाव आला तर त्याला नाही म्हणायची वेळच येऊ नये, ही त्याचीही सोय आहे.

ही कौन्सिल भाषा सांभाळते. पैसा आणि ट्रेडमार्क सांभाळते ती पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन, २००१ पासूनची वेगळी संस्था, तिचं मंडळ वेगळं. या मंडळाचं काम किती जड असू शकतं हे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून सुरक्षेच्या कामासाठी १५ लाख डॉलरचं अनुदान मिळण्याच्या बेतात होतं. अटींत असं होतं की संस्थेने विविधता आणि समावेश वाढवणारे कोणतेही कार्यक्रम चालवता कामा नयेत, फक्त या अनुदानातून नव्हे, तर मुळातच. अट मोडली तर खर्च झालेले पैसेही परत मागितले जाऊ शकत होते. संस्थेचं वर्षाचं अंदाजपत्रक सुमारे ५० लाख डॉलरचं. मंडळाने एकमताने अर्ज मागे घेतला. या निर्णयामागच्या राजकारणावर कोणाचं काही मत असो, मी बघतो ते असं: संस्थेच्या ध्येयवाक्यात काय लिहिलंय, पैसे परत मागितले तर कोण बुडेल, हे ताडून नकार देणं हेच विश्वस्ताचं काम. तुमची देणगी देणारी कंपनी करारनामा पाठवेल तेव्हा रकमेच्या आधी अटी वाचा. 'पुढील आवृत्तीत अमुक सुविधा असेल' असं वाक्य त्यात दिसलं, तर ती देणगी नाही, कामाचं कंत्राट आहे, आणि त्याचा कर, त्याची जबाबदारी सगळंच वेगळं.

नावाविषयी दोन शब्द, कारण लोक पैशाची काळजी करतात आणि नाव विसरतात. २०११ च्या जानेवारीत हडसन नावाच्या सॉफ्टवेअरचे विकासक आणि ओरॅकल ही कंपनी यांच्यात नावावरून वाद झाला. ओरॅकलचं म्हणणं होतं की नावाचा हक्क आपला. विकासकांनी मतदान घेतलं, २१४ विरुद्ध १४ मतांनी नाव बदलायचं ठरलं आणि जेनकिन्सचा जन्म झाला. कोड सगळा त्यांच्याकडे होता, माणसं त्यांच्याकडे होती, फक्त नाव नव्हतं, आणि त्यासाठी सगळं पुन्हा ओळख करून द्यावं लागलं. नंतर त्यांनी बरीच वर्षं एसपीआयच्या छत्राखाली काढली. तुमच्या लायब्ररीचं डोमेन आज कोणाच्या वैयक्तिक ईमेलवर आहे ते आजच बघा.

हे मी कळवळून सांगतोय, कारण माझ्या त्या लहान संस्थेत नेमकं हेच झालं. पाच जणांची कार्यकारिणी, कोरम चारचा. एकाने नोकरी बदलली, एकीच्या घरी आजारपण आलं. तीन बैठका लागोपाठ कोरमअभावी झाल्या नाहीत. बैठक नाही म्हणून नवा सदस्य घेता येईना, नवा सदस्य नाही म्हणून कोरम भरेना. त्यातच डोमेनचं नूतनीकरण ज्या कार्डावर लावलं होतं त्याची मुदत संपली, आणि कार्ड होतं दीड वर्षापूर्वी बाहेर पडलेल्या मित्राचं. सूचनेचे ईमेल त्याच्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर जात होते. आठवडाभर आमचं संकेतस्थळ बंद होतं. कोणी काही वाईट केलं नव्हतं. नियमावलीत दोन ओळी कमी होत्या: सलग तीन बैठकांना न आलेला सदस्य आपोआप पदावरून जातो, आणि पद रिकामं असेल तर कोरम उरलेल्या सदस्यांवर मोजला जातो. त्या ओळी नंतर घातल्या. तुम्ही आधी घाला.

मग स्वतःची संस्था काढावी का? माझा स्पष्ट सल्ला: आत्ता नको. चौघा-पाचजणांनी संस्था काढली की त्यातले दोघं कोड लिहायचं सोडून कागद लिहू लागतात. आधीपासून असलेल्या छत्रसंस्थेकडे जा, म्हणजे एसपीआयसारख्या, अनेक प्रकल्पांचे पैसे आणि नाव सांभाळणाऱ्या संस्थेकडे. मात्र छत्रही कोसळू शकतं, हे लक्षात ठेवून जा. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या अमेरिकी छत्रसंस्थेने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की वर्षअखेर आपण विसर्जित होतोय. शेकडो गटांना काही महिन्यांत नवं घर शोधावं लागलं. म्हणून करारात सोडून जाण्याचं कलम आधी वाचा: आम्ही निघालो तर आमची शिल्लक आणि आमचं नाव कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे, किती दिवसांत जाईल? एसपीआयसारख्या धर्मादाय संस्थेतून पैसे सहसा दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडेच जाऊ शकतात, तुमच्या खाजगी खात्यात नाही, हेही समजून घ्या.

भारतातच संस्था हवी असेल तर वाटा तीन. सार्वजनिक विश्वस्त संस्था, १८६० च्या कायद्याखालची सोसायटी, किंवा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. सोसायटीला किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात तिची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. मी अशा संस्था पाहिल्या आहेत जिथे तीन निवडणुका होऊन गेल्या आणि आयुक्तांच्या दप्तरी अजून पहिलीच कार्यकारिणी आहे. मग बँक नव्या लोकांची सही घेत नाही आणि जुने फोन उचलत नाहीत. दूर विखुरलेल्या लोकांना, ऑनलाइन बैठका घेणाऱ्यांना, मला कलम ८ ची कंपनी जास्त सोयीची वाटते. खर्च आणि वार्षिक विवरणपत्रं जास्त आहेत, पण संचालक बदलणं सरळ आहे.

पण तुमची देणगी परदेशी आहे, आणि तिथे ही सगळी चर्चा एका जागी अडते. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. ती मागायला संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात, आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. विशिष्ट देणगीसाठी पूर्वपरवानगी मागता येते, पण तीही वाट लांबची आहे. त्या परवानगीशिवाय आज काढलेल्या संस्थेत ही देणगी येऊच शकणार नाही. आणि एखाद्याच्या बचत खात्यात घेऊन 'नंतर बघू' असं मुळीच करू नका. परदेशी छत्रसंस्थेने सर्व्हर, सुरक्षा तपासणी, प्रवास यांची बिलं तिथेच थेट भरली तर सोपं जातं. भारतातल्या व्यक्तीला कामाचा मोबदला द्यायचा असेल तर तो व्यावसायिक करार करून, बिल देऊन, कर भरून. हे काम माहिती असलेल्या सीएला आधी दाखवा.

छत्रसंस्थेकडे अर्ज करण्याआधी तुम्ही पाचजणांनी एका पानावर काही गोष्टी लिहून सह्या करा. या प्रकल्पाच्या वतीने बोलणारा कोण, आणि तो दिसेनासा झाला तर त्याला कोण, कसं बदलणार. खर्चाला मंजुरी किती जणांची, मोठ्या खर्चाला किती. कमिटचा हक्क कसा मिळतो आणि कसा जातो. एका कंपनीची किती माणसं चालतील. डोमेन, रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) आणि पॅकेज प्रकाशित करायच्या किल्ल्या कोणाकडे, आणि प्रत्येक किल्लीची दुसरी प्रत कोणाकडे. अर्ज वाचणारे लोक पहिल्यांदा विचारतात तो प्रश्न हाच असतो: 'उद्या तुमच्यात भांडण झालं, तर आम्ही कोणाचं ऐकायचं?' ते पान तयार झालं की मला पाठवा, मी ओळ न् ओळ वाचून कळवतो.